गाळलेली चौकट

एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसचा साचा बदलताना दबून एक फिटर जागीच गेला, ही बातमी कंपनीत आली तेव्हा धाकटी नुकती जेवायला बसली होती. प्रेस दुसऱ्या कंपनीनं बनवलेली होती, पण ती चालवणारं सॉफ्टवेअर यांच्या कंपनीचं, आणि त्याचं माहितीपुस्तक धाकटीनं लिहिलेलं. घरी ती धाकटी. ऑफिसात सगळे तिला पुस्तकवाली म्हणत, आणि असली पुस्तकं कुणी वाचत नाही हा विनोद तिच्या तोंडावर करत. तीही हसण्यावारी न्यायची.

मशीन बंद केल्यावरही तेलाचा दाब आत राहतो, तो सोडल्याशिवाय साच्यात हात घालू नये, हे पुस्तकात कुठंच नाही, असं कारखान्याचं म्हणणं होतं. धाकटीनं साहेबांना छातीठोकपणे सांगितलं की आहे, लाल चौकटीत आहे, आपण स्वतः लिहिलंय. साहेब म्हणाले, मग दाखव.

दाखवणं सोपं नव्हतं. तिच्याकडे होत्या त्या नुसत्या मजकुराच्या फायली. त्यांतून पानं, अनुक्रमणिका, चौकटी असं सगळं घडवणारी साधनं वेगळी असतात, आणि ती कॉम्प्युटरवर एकेक करून बसवावी लागतात. तिचा कॉम्प्युटर नुकताच बदललेला, त्यावर काहीच नव्हतं. ती पहिल्यापासून कामाला लागली. आधी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, मग पुस्तक घडवणारा मुख्य प्रोग्राम, मग त्याला लागणारे जोडप्रोग्राम, तेही पुस्तक छापलं तेव्हाच्याच आवृत्तीचे. एक बसवावा तर दुसरा रुसून बसे. अखेर सगळ्यांचं जुळलं आणि पुस्तक तयार झालं. लाल चौकट होती, जिथं असायला हवी तिथंच. साहेबांचा जीव भांड्यात पडला.

धाकटीचा पडला नाही. कारखान्यानं पाठवलेला पानाचा फोटो तिच्यासमोर होता. तेच पान, तीच वाक्यं, आणि चौकटीच्या जागी काहीच नाही. वरचा परिच्छेद संपून सरळ खालचा सुरू.

छापखान्यात जाणारं पुस्तक तिच्या कॉम्प्युटरवर नव्हे, ऑफिसच्या सर्व्हरवर तयार होई. नवा सर्व्हर आला तेव्हा त्यावरची साधनं भावोजींनी बसवली होती. भावोजी म्हणजे तिच्या ताईचे यजमान; त्यांच्याच शब्दावर तिला ही नोकरी लागली होती. तिनं आपल्याकडचा चौकटींचा जोडप्रोग्राम मुद्दाम काढून पाहिला. काम अर्ध्यात थांबलं आणि पडद्यावर चूक आली. म्हणजे त्याच्यावाचून पुस्तक पुढं जायलाच नको होतं. मग तिनं सर्व्हरची सेटिंग उघडली. चूक आली तरी थांबू नये, न कळेल ते गाळून पुढं जावं, असं तिथं सांगून ठेवलेलं होतं. बदल करणाऱ्याच्या जागी भावोजींचं नाव होतं.

भावोजी सर्व्हरच्या खोलीत केबली बांधत होते. तिनं सांगितलं तसे ते हातातली केबल घेऊनच एका रिकाम्या खोक्यावर टेकले.

"छापखान्याचा तगादा लागला होता," ते म्हणाले. "तो एकच जोडप्रोग्राम काही केल्या बसेना. म्हटलं, मागाहून बसवू. मग राहूनच गेलं."

"पानं तरी चाळायची होतीत."

"पुस्तक कोण वाचतं गं?" ते म्हणून गेले, आणि मग त्यांनी मान वर केली नाही.

धाकटीनंही छापून आलेलं पुस्तक कधी उघडून पाहिलं नव्हतं. तिनं विषय तिथंच सोडला.

संध्याकाळी ताई आली. रडली नाही, भांडली नाही. हे गुपचूप तो प्रोग्राम बसवून टाकतील, पुढची आवृत्ती बरोबर निघेल, गेलेला माणूस काही परत येणार नाही, आणि यांची नोकरी गेली तर आपलं घर उघड्यावर पडेल, असं सगळं ती शांतपणे बोलली. तोंडपाठ करून आल्यासारखी.

"तू गप्प राहिलीस तर कुणाचं काय जातंय?"

"ताई, तेच पुस्तक बाकीच्या कारखान्यांत पडलंय. आज तिथं कुणीतरी साचा बदलत असेल."

ताईनं पर्स उचलली आणि ती निघून गेली.

सकाळी धाकटीनं साहेबांना सांगितलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं. वकिलांशी बोलल्याशिवाय एक शब्दही बाहेर जायला नको, म्हणाले. वकिलांशी खुशाल बोला, पण मला फोन करू द्या, असं म्हणून ती तिथंच उभी राहिली. शेवटी त्यांनी कारखान्यांचे नंबर दिले.

बहुतेकांनी ऐकून घेतलं, सूचना लिहून घेतली. एका फोरमननं मात्र ती तिला पुन्हा वाचून दाखवायला लावली.

"मागच्या हिवाळ्यात एकाचा पंजा गेला आमच्याकडे," तो म्हणाला. "मशीन बंद केली होती, असं तो सारखा सांगत होता. आम्ही खोटं धरलं. काढून टाकलं त्याला."

तो आता कुठं असतो, तिनं विचारलं. फोरमनला ठाऊक नव्हतं.

एका कर्मचाऱ्याचा हलगर्जीपणा, असं कंपनीनं जाहीर केलं आणि भावोजींना नारळ दिला. पोलिसांचं बोलावणंही आलं. भावोजींच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी साहेबांनी दोघांना शेजारी बसवून सर्व्हर नीट करायला सांगितला. भावोजी सांगत गेले, ती टाइप करत गेली. जोडप्रोग्राम एका झटक्यात बसला; अडचण होती ती त्याच्या नव्या आवृत्तीत कधीच दूर झाली होती. भावोजी पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं.

"ताई कशी आहे?" तिनं विचारलं.

"इतक्यात येऊ नकोस घरी," ते म्हणाले.

तरी रविवारी ती गेली. आत बोलण्याचा आवाज येत होता. तिनं बेल वाजवल्यावर तो थांबला. ती बराच वेळ उभी राहिली, पुन्हा बेल वाजवली नाही, आणि जिना उतरून रस्त्याला लागली.