एक माप मोठी

शिंपीणबाईंनी आपल्या लेकीला आजवर रोजचा एकही कपडा मापात शिवला नव्हता. फ्रॉक असो की पायजमा, आत चार बोटं कापड दुमडलेलं असायचंच. "वाढतं अंग आहे," हे त्यांचं पालुपद. त्यामुळे मनी कायम दुसऱ्या कुणाच्या तरी कपड्यांत शिरल्यासारखी दिसायची.

दोन दिवसांनी मनीच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. मामाने तिला हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम पाठवला होता आणि त्याचं सामान घ्यायला मायलेकी दुकानात आल्या होत्या. कव्हर काय, पट्टे काय, पिशव्या काय! बाईंचे डोळेच पांढरे झाले. एवढ्याशा यंत्राचा केवढा तो थाट, नवरीलासुद्धा इतकं लागत नाही!

स्क्रीनची काच घेतली, कव्हर घेतलं. पडल्या पडल्या खेळताना हात अवघडू नयेत म्हणून मागून लावायची ग्रिप तेवढी राहिली. दुकानदाराने लहान ग्रिप मनीच्या हातात दिली. अगदी बेतून केल्यासारखी बसली.

"ही नको, मोठी दाखवा," बाई म्हणाल्या.

"अहो ताई, मोठीत हिची बोटं बटणांपर्यंत पोचायची नाहीत."

"आज नाही पोचणार. वाढतं अंग आहे."

दुकानदार हसला. मनी हसली नाही. एरवी पोपटासारखी बोलणारी पोर आठवडाभर तोंडाला कुलूप लावून होती. आता ती खाली बघत पुटपुटली, "मग हॉस्पिटलचे गाऊन का मापात शिवलेस?"

बाईंनी ते गाऊन आठवून पाहिले. हॉस्पिटलात घालायला गेल्या आठवड्यात शिवलेले दोन्ही खरंच नेमक्या मापाचे होते, आत सूतभरही कापड नव्हतं. अगं बाई, म्हणजे आपण वाढणारच नाही असं धरून बसली होती की काय ही! आणि आईलाच पत्ता नाही!

त्या तिथेच तिच्यासमोर खाली बसल्या. "वेडाबाई! ते गाऊन पुढच्या वर्षी तुला होऊच नयेत म्हणून मापात शिवले. जपून ठेवायची चीज आहे का ती? घरी आलो की फरशी पुसायला काढणार आहे मी."

"खरंच?"

"तुझ्या गळ्याची शपथ."

मनीने नाक पुसलं आणि मोठी ग्रिप उचलली. बोटं ताणताण ताणली, बटणं काही हाताला लागेनात.

"दोन्ही द्या," बाई दुकानदाराला म्हणाल्या. "लहान हॉस्पिटलात नेऊ. मोठी राहू दे घरी."

"नाही," मनी म्हणाली. "मोठी पण न्यायची. माझ्या उशाशी ठेव."