सूट फक्त एका नंबरला

ठकीला आत नेऊन दोन तास झाले होते. शस्त्रक्रियेच्या खोलीचं दार उघडायचं नाव घेत नव्हतं. आई बाकावर बसायची, उठायची, पुन्हा बसायची. चष्म्याच्या दुकानातून ती तशीच धावत आली होती. काचा पुसायचं फडकंही मुठीतच राहिलं होतं.

ठकीला गाडी शिकवणारे मास्तर अपघाताच्या जागेवरून तिचा फोन घेऊन आले. तो बघताच आईचा बांध फुटला.

“मास्तर, गाडी सुरू झाली की फोन बंद, असं ॲप तुम्हीच सांगितलंत ना? मग बघणारे कसं म्हणतात, फोन कानाला होता? माझ्याशी जेमतेम ‘हॅलो’ बोलली आणि फोन कट! लगेच मैत्रिणीला लावला असेल कार्टीनं!”

मास्तर तिच्याशेजारी बसले. त्यांनी ॲपमधली नोंद उघडली.

“ताई, या ॲपमध्ये एका नंबरला सूट देता येते. ती कोणाला दिलीत?”

“माझ्या नंबरला. अडीअडचणीला लागतो. आणि आईचा फोन म्हणजे काय फोन झाला?”

“रस्त्याला आई-मावशी कळत नाही हो! या आठवड्यात गाडी चालू असताना पोरीनं अकरा फोन घेतले. अकराही तुमचे. आजचा शेवटचाही.”

“मी नुसतं विचारलं, कुठवर आलीस...”

“मी तिला रागावलो होतो. म्हणाली, ‘मास्तर, नाही उचलला तर आई दहादा लावते. जेवत नाही.’”

आईनं ती नोंद पुन्हा पुन्हा वाचली. जिच्या जिवासाठी एवढा आटापिटा, तिच्या कानाला फोन आपणच लावला! कोणाला दोष देणार आता?

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. “जीव वाचलाय. पायाचं मात्र आज काहीच सांगता येणार नाही.”

आईनं डॉक्टरांना हात जोडले. आणि तिचा फोन वाजला. ठकीचे बाबा! दुसऱ्या गावाहून निघाले होते.

“अगं, काय म्हणाले डॉक्टर? बोल ना! जीव टांगणीला लागलाय!” मागून हॉर्न ऐकू येत होते.

बातमी तिच्या ओठांवर आली होती. तिनं ती गिळली.

“अहो, गाडी चालवताय ना? आधी बाजूला लावा. मग फोन करा.”

“अगं, पण ठकी...”

तिनं फोन कट केला. मास्तरांचा हात घट्ट धरून ती हुंदके देत राहिली. एक मिनिट गेलं. दोन गेली. तिनं फोन लावला नाही.

मुलांच्या फोनला कुलूप घालणाऱ्या आईबाबांनो, त्या कुलपाची एक किल्ली आपल्या खिशात ठेवू नका. आपलं माणूस गाडी चालवत असेल, तर आपली काळजी आपणच सोसायची. तिचा भार त्याच्या कानावर टाकायचा नाही!