एका जादा कडीची गोष्ट

मित्रांनो, मी मोजणीची एक जुनी साखळी आहे आणि आयुष्यात एकदा मी खोटं बोलले. एकदाच, पण त्या एका खोट्यापायी एका माणसाचा जीव जायची वेळ आली होती. म्हणून आधी तेच सांगते. बाकीची बढाई मग मारता येईल.

तर माझं अंग पोलादी तारेचं. वीस-वीस सेंटिमीटरच्या दीडशे कड्या, दोन टोकांना दोन पितळी मुठी आणि दर पाच मीटरवर लोंबणारा पितळेचा एक बिल्ला. एकूण लांबी तीस मीटर, ना कमी ना जास्त. माझ्याआधी लोक दोरीने जमीन मोजायचे. दोरी बिचारी ओली झाली की आखडायची, ताणली की सैलावायची. तिची जागा मी घेतली, तेव्हा मला स्वर्ग दोन बोटं उरला होता. तिपाईवर ऐटीत बसणारी कोन मोजायची दुर्बीण माझ्याच खोलीत राहायची. चिखलातून फरफटत जायचं मी, आणि फोटोत मिरवायचं तिने. असो.

माझे मालक म्हणजे मोजणीदार. हाडकुळे, मितभाषी आणि शिस्तीचे पक्के. कचेरीच्या अंगणात त्यांनी दोन दगड रोवले होते, बरोबर तीस मीटर अंतरावर. रोज सकाळी कामावर निघण्याआधी ते मला त्या दगडांमध्ये पसरून पाहत. माझी एखादी कडी वाकली असेल तर तिथेच सरळ करत. संध्याकाळी मला पुसून तेल लावत आणि घडी घालत. माझी घडी घालायची एक रीत आहे, ती लक्षात ठेवा. मधल्या बिल्ल्यापासून सुरुवात करायची, दोन्ही बाजूंची एकेक कडी जोडीने उचलायची आणि मुठीत घेत जायचं. शेवटी दोन्ही पितळी मुठी एकदमच हाती येतात.

त्या वर्षी शहराला पाणी आणण्यासाठी डोंगराच्या पोटातून बोगदा खोदला जात होता, तोही दोन्ही तोंडांकडून. आमच्या बाजूला मुकादम आणि त्याची माणसं होती. पलीकडच्या बाजूला मुकादमाचा धाकटा भाऊ होता. दोघे भाऊ मधल्या खडकात एकमेकांना भेटणार होते. नियम असा होता की मधला खडक सात मीटरपेक्षा कमी उरला, की सुरुंग लावण्याआधी पलीकडची बाजू रिकामी करायची. सात मीटरच्या वर असेल तोवर दोन्हीकडे काम चालू. खडक किती उरला हे दर आठवड्याला मोजणीदार सांगायचे, आणि मोजणीदारांना सांगायची मी.

त्या आठवड्यात दगड वाहणारी गाडी माझ्या अंगावरून गेली आणि माझ्या दोन कड्या तुटल्या. मला लोहाराकडे पाठवलं. लोहाराचा हात चांगला होता, पण घाई त्यालाही होती. दोन कड्या गेल्या होत्या, त्याने तीन बसवल्या. मोजून कोण बघतो? मी गोणत्यातून परत आले तेव्हा मोठे इंजिनिअर बोगद्यात ताटकळत उभे होते. दगडांपर्यंत जाऊन मला तपासायला दहा मिनिटं लागली असती. मोजणीदारांनी अंगणाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि मला तशीच खांद्यावर टाकली.

मला कळत होतं, मित्रांनो. माझं अंग एका कडीने वाढलं होतं. पण साखळीला तोंड नसतं.

बोगद्याच्या तोंडापासून खडकापर्यंत मला बरोबर तीस वेळा पसरलं गेलं. दर वेळी मी वीस सेंटिमीटर गिळले आणि तीस वेळांचे सहा मीटर झाले. मोजणीदारांनी वहीत आकडा लिहिला, पलीकडचा आकडा जोडला आणि म्हणाले, "अजून आठ मीटर खडक आहे. चार वाजता सुरुंग उडवायला हरकत नाही."

मुकादम पुढे आला. "साहेब, आठ कसा? गेल्या मोजणीपासून आम्ही आठ मीटर फोडलाय. तुमच्या हिशेबाने दोनच निघतोय."

आता हा मुकादम एकाचे दोन सांगणारा म्हणून सगळीकडे प्रसिद्ध होता. त्याने पकडलेला मासा दर वेळी सांगताना वीतभर वाढायचा. बाकीचे हसले.

"खडक कठीण लागलाय म्हणून तुम्हीच रडत होता ना?" मोजणीदार म्हणाले.

"रडत होतो. पण फोडतही होतो. इथे कान लावून बघा. धाकट्याची छिन्नी इतकी जवळ वाजतेय की नाव घेऊन हाक मारावी."

"खडकातून आवाज कसाही येतो, मुकादम. माणूस चुकेल. माझी साखळी खोटं बोलत नाही."

हे ऐकून माझी काय अवस्था झाली असेल! तीस वर्षं ज्याने मला तेल लावलं, तो माझ्या शब्दावर एका माणसाचा जीव टांगत होता आणि माझा शब्द खोटा होता. लाजेने गंजून जावं असं वाटलं.

सुरुंग भरले गेले. सगळी माणसं मागे आली आणि दोनशे पावलांवरच्या कपारीत दडून बसली. वाती पेटवायला एकटा मुकादम पुढे थांबला. कपारीत कंदील होता. पलीकडची छिन्नी वाजतच होती. टक. टक. टक.

मोजणीदारांना रिकामं बसवत नसे. त्यांनी मला गोणत्यातून काढलं, मधला बिल्ला पकडला आणि सवयीने घडी घालायला सुरुवात केली. लक्ष भलतीकडेच होतं. मी मनात म्हणत होते, लवकर घाला, साहेब, लवकर. जोडी, जोडी, जोडी. चार वाजायला तीन मिनिटं होती.

एक पितळी मूठ हाती आली. दुसरी आली नाही. तिच्याआधी एक कडी उरली होती.

मोजणीदारांना वाटलं, जोडी चुकली. त्यांनी घडी मोडली आणि पुन्हा घातली. पुन्हा एक कडी उरली. त्यांनी नव्या कड्यांवरून अंगठा फिरवला. एक, दोन, तीन. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ओठ हलले, "तीस गुणिले वीस..." आणि पुढचं पुटपुटणं मागे टाकून ते धावत सुटले.

साठीला टेकलेला माणूस, पायाखाली दगडांचा चुरा, आणि मी त्यांच्या मुठीतून मागे खणखणत फरफटत होते. जन्मात इतका आवाज मी कधी केला नव्हता, आणि त्या दिवशी मुद्दाम केला.

"मुकादम, थांबा. साखळी चुकली. माझी साखळी चुकली."

पहिली वात पेटली होती. मुकादमाने मागे वळूनही पाहिलं नाही. कमरेचा चाकू काढला, जळत्या ठिणगीच्या पुढे वात कापली आणि तुकडा बुटाखाली चिरडला. मग विचारलं, "किती उरलाय?"

"दोन मीटर."

मुकादमाने चाकू परत कमरेला खोचला. "तरी मी म्हणत होतो" असं तो म्हणू शकला असता, पण म्हणाला नाही. त्याने हातोडी घेऊन खडकावर तीन ठोके मारले. पलीकडची छिन्नी थांबली आणि तिकडून तीन ठोके आले. हा एवढा बोलघेवडा माणूस, पण खडकाला कपाळ टेकून रडला.

दुसऱ्या दिवशी पलीकडची बाजू रिकामी करून खडक फोडला. भोकातून आधी धूळ आली आणि मागून धाकटा आला. मोजणीदारांनी वहीत लिहिलं, "साखळी न तपासता वापरली. चूक माझी." लोहाराचं नाव त्यांनी कुठेही घातलं नाही. जादा कडी काढून ती मात्र आयुष्यभर खिशात बाळगली, आणि पुढे एकही सकाळ दगडांवाचून जाऊ दिली नाही.

नंतर पोलादी फीत आली, ती गेली, आता तर प्रकाशाचा किरण फेकून अंतर सांगणारी यंत्रं आली आहेत. मी कचेरीत एका खिळ्याला टांगलेली आहे. अंगणातले ते दोन दगड अजून तिथेच आहेत. त्यांच्यावर लोक स्कूटर लावतात.

मित्रांनो, मला पुसा, तेल लावा, असं मी म्हणणार नाही. मला फक्त एकदा खिळ्यावरून काढा आणि त्या दोन दगडांमध्ये पसरा. इतक्या वर्षांत मी किती वाढले, किती आखडले, मला ठाऊक नाही. आणि नव्या यंत्रांनाही कधीतरी तिथे घेऊन या. तुम्ही खरं बोलता का, असं आजवर त्यांना कुणी विचारलेलं नाही.