बेंगळूरची बाई

"माझ्या सवतीला सांगा, आज तरी जरा तोंड मिटून बस म्हणावं. सणाचा दिवस आहे," कस्तुरव्वा म्हणाली. शिलाई मशीन आडवं पाडून त्याच्या पोटात अडकलेला दोऱ्यांचा गाळ ती टाचणीने उकरून काढत होती.

"ती गप्प बसली तर आपली चूल गप्प बसेल," फकीरेश म्हणाला. "आणि तुझ्यासारखा तिला दम लागत नाही. एका श्वासात पान वाचते."

"श्वास घ्यायला माणूस असावं लागतं."

सवत म्हणजे फकीरेशच्या कॉम्प्युटरमधली बाई. तो कळ दाबील तशी ती पडद्यावरची ओळ मोठ्याने वाचून दाखवी. बेंगळूरच्या कुठल्याशा संस्थेने आंधळ्यांसाठी एका बाईचा आवाज यंत्रात भरून घेतला होता, त्यातली ही. बोलायची अगदी पुस्तकी कन्नड, तीही बेंगळूरच्या वळणाची. गदगच्या रांगड्या कानांना ती म्हणजे लग्नात आलेली शहरी व्याही-मंडळीच वाटायची. ओळ संपली की बाई न चुकता म्हणायची, "पूर्णविराम." कस्तुरव्वा भाकरी थापता थापता तिची नक्कल करी. "भाकरी झाली आहे पूर्णविराम. जेवायला यावे पूर्णविराम." फकीरेश हसायचा, पण मनातून त्याला ते फारसं आवडत नसे.

पाचव्या वर्षी गोवरात त्याचे डोळे गेले. गदगात आंधळा माणूस दिसला की लोक त्याच्यापुढे पेटी आणून ठेवतात, कारण या गावाने आंधळे गवई पाहिलेत, तेही एकाहून एक. फकीरेशलाही बापाने आश्रमात नेऊन घातलं. पण देवाने डोळे नेताना गळाही सोबत नेला होता. सहा महिन्यांत गुरुजींनी हात जोडले. म्हणाले, "बाळ, तू ऐक. गाऊ नकोस." जन्मभर लोक विचारत राहिले, गाता का हो? आणि हा जन्मभर नाही म्हणत राहिला.

शेवटी त्याला ऐकण्याचंच काम मिळालं. मठाचे स्वामी, सगळ्यांचे अज्जा, दर सोमवारी प्रवचन करीत, त्याची कॅसेट भरली जाई. फकीरेश एका कानाने अज्जांना ऐकायचा, दुसऱ्या कानाने बाईला, आणि मधे दहा बोटं चालायची. ते मठाच्या मासिकात छापून येई. मजकूर नजरेखालून घालायला एखादा मास्तर ठेवू का, असं मठाचे कारभारी बसय्या एकदा म्हणाले होते. फकीरेश नाकावर माशी बसू देणारा नव्हे. "मग पगारही मास्तरलाच द्या," तो म्हणाला. "आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, ते दुसऱ्याच्या घरी. मी दळतो आणि पीठही मीच चाळतो." त्याचं लिखाण खरोखरच बिनचूक असे. बसय्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

तर आज खंडेपूजा, दसऱ्याचा आदला दिवस. गावात ज्याच्या घरी जे हत्यार असेल ते आज घासून-पुसून पूजेला लागायचं. छापखान्यांतून यंत्रं धुतली जात होती, रिक्षांना केळीचे खुंट बांधले जात होते. कस्तुरव्वाने कात्री घासली, विळी घासली, मशीनला तेल दिलं, मग ओलं फडकं घेऊन कॉम्प्युटरकडे वळली.

"एवढं तुमचं राहिलंय. सरका."

"वरवर पुसून काय उपयोग? हिचा मळ पोटात आहे," फकीरेश म्हणाला.

आणि ते खरंच होतं. यंत्र अलीकडे फार रखडत होतं. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या इम्तियाजने त्याला मागेच समजावलं होतं. "अण्णा, यात प्रत्येक प्रोग्राम आपल्या नावाची पाटी ठोकतो. प्रोग्राम जातो, पाटी राहते. मग यंत्र बसतं रिकाम्या दारांवर टकटक करत." अशा खोट्या पाट्या उपटून काढणारा एक झाडूवाला प्रोग्रामही त्याने भरून दिला होता. "महिन्यातून एकदा छोटा झाडू मारा. मोठा मारायचा असला तर मला बोलवा. तो फार आत शिरतो."

फकीरेशने त्या दिवशी मोठा झाडू काढला. इम्तियाजला बोलावलं नाही. ज्याचं हत्यार त्यानेच साफ करायचं, अशी सणाची रीतच आहे. बायको स्वतःचं मशीन स्वतः उघडते, मग आपण का म्हणून दुसऱ्याच्या दारात जायचं?

झाडू बराच वेळ आत फिरला. मग बाई इंग्रजी वाचू लागली, तिच्या त्या बेंगळुरी हेलात. अकराशेवर नोंदी सदोष आहेत. सगळ्या काढून टाकायच्या?

"ऐकलंस?" फकीरेश म्हणाला. "अकराशे! तुझ्या मशीनच्या पोटात दोरे निघाले, माझ्या पोटात बघ."

बाईने पुढचा प्रश्न वाचला. काढण्याआधी एक प्रत जपून ठेवायची?

फकीरेश मोठ्याने हसला. "हे बघ काय विचारते! केर काढायचा, तो डब्यात भरायचा आणि डबा घरातच ठेवायचा."

"अशीच असतात ती शिकलेली माणसं," कस्तुरव्वा म्हणाली.

त्याने 'नाही' दाबलं. मग 'सगळ्या काढा'वर 'होय' दाबलं. "काम पूर्ण झाले आहे पूर्णविराम," बाई म्हणाली. त्याने यंत्र बंद केलं.

कस्तुरव्वाने कॉम्प्युटरला हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, कीबोर्डवर लिंबू ठेवलं. पूजेला ठेवलेल्या हत्याराला दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही. फकीरेशने लावला नाही.

दसऱ्याला संध्याकाळी दोघं बन्नीची, म्हणजे शमीची, पानं देऊन आली. "बन्नी घ्या, सोन्यासारखे राहू या," असं दारोदार म्हणून झालं. होळगीचं, पुरणपोळीचं जेवण अंगावर आलं होतं, तरी घरी येताच तो यंत्रापुढे बसला. रोजचं काम सुरू करताना तो आधी एकच ओळ लिहायचा, "बाई, नमस्कार." बाई ती वाचायची, आणि त्याला वाटायचं, दिवस लागला मार्गी.

त्याने ओळ लिहिली. बाई बोलली नाही. त्याने पुन्हा पुन्हा लिहिली. आवाजाचं बटण चाचपलं, वायर हलवून पाहिली, स्पीकरला कान लावला. आत बारीक गुणगुण होती, दुसरं काही नाही.

"कस्तुरे, दिवा लागलाय का बघ."

"लागलाय की. पडदाही लागलाय." ती जवळ आली आणि पडद्यात डोकावली. "तिला नमस्कार घातलेत तुम्ही. पानभर."

"मग बोलत का नाही?"

"मला काय ठाऊक? रुसली असेल. काल मी फडकं जोरात घासलं."

ती हसत होती. त्याचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू गेलं.

दुसऱ्या दिवशी इम्तियाज आला. बराच वेळ त्याची टिकटिक चालली. चहा निवून गेला.

"अण्णा, मोठा झाडू मारलात?"

"मारला."

"बाईची पाटी उपटलीत तुम्ही. पाटीवर पत्ता होता तो जुन्या सीडीचा, जिच्यावरून बाईला यंत्रात भरलं होतं. सीडी आता यंत्रात नाही, मग झाडूने ठरवलं की इथे कुणी राहत नाही. बाई घरातच आहे, पण दारावर नाव नाही. तिला हाक कशी पोचणार?"

"मग लाव की पाटी परत."

"त्या पाटीवर एक नंबर होता, बेंगळूरहून फोनवर दिलेला, या यंत्रापुरता. तो पुन्हा मिळाल्याशिवाय ती तोंड उघडणार नाही." मग त्याला आठवलं तसा तो खुर्ची ओढून सरसावला. "पण काढायच्या आधी ते विचारतं ना, प्रत ठेवू का म्हणून. ठेवलीत ना?"

फकीरेश स्पीकरची वायर चाचपत राहिला.

"अण्णा?"

"केर होता तो," फकीरेश म्हणाला.

कस्तुरव्वाने निवलेला चहा उचलून नेला, पुन्हा गरम करून आणला. तो तसाच निवला.

बेंगळूरला फोन लावला. त्या संस्थेत नवीन माणसं होती. अनुदान संपलं, ते काम बंद झालं, करणारी मुलं परदेशी गेली. नंबर देणारं यंत्रही मोडीत निघालं. फोनवरचा माणूस भला होता, दोनदा सॉरी म्हणाला.

"ती बाई कोण होती हो?" फकीरेशने विचारलं. "जिचा आवाज घेतला ती?"

"काही कल्पना नाही, सर."

इम्तियाजने खटपट करून एक इंग्रजी बोलणारा बाप्या यंत्रात बसवून दिला. कन्नड अक्षर आलं की हा मुका. अज्जांचं आख्खं प्रवचन समोर ठेवलं तरी तो मधूनमधून स्वल्पविराम तेवढा म्हणायचा. फकीरेशने दुसऱ्याच दिवशी त्याचा गळा दाबला.

मग त्याने हट्टाने बाईवाचून लिहायला घेतलं. हात बसलेला आहे, बोटांना अक्षरं पाठ आहेत, बाई काय, ऐकायपुरती होती, असं तो स्वतःला बजावत होता. दोन दिवस खपून त्याने एक प्रवचन उतरवलं. कस्तुरव्वाला वाचू का विचारू दिलं नाही. बसय्या घरी आले तेव्हा छापून घेतलेली पानं स्वतः घडी करून त्यांच्या हातात ठेवली.

बसय्यांनी पहिलं पान वाचलं. दुसरं उचललं. मग कितीतरी वेळ कागदाचा आवाज आला नाही.

"फकीरप्पा, हे दुसरं पान... हे काय आहे?"

"का? काय झालं?"

"इंग्रजी अक्षरं आहेत सगळी. अर्थ लागत नाही कशाचाच."

मधेच कुठेतरी भाषा बदलायची कळ दाबली गेली होती. बाई असती तर पहिल्याच शब्दाला अडखळली असती. बारा घरच्या लोकांपुढे धोतर सुटल्यासारखं फकीरेशला झालं.

"यांना मी वाचून देत जाईन," कस्तुरव्वा पुढे होऊन म्हणाली. "सातवी झालेय मी. हळूहळू वाचते, पण वाचते."

बसय्यांनी तिला पहिलं पान दिलं. तिने वाचायला घेतलं. "अ-नु-भ-व-मं..." त्या लांब शब्दाशी ती अडली, पुन्हा मागे गेली, पुन्हा अडली. बसय्या वाईट माणूस नव्हे. त्यांनी पान हळूच तिच्या हातातून काढून घेतलं.

"यव्वा, अंक थांबत नाही गं. छापखानेवाला दारात उभा आहे. त्याच्याकडेच एक मुलगी टाइप करते, तिला देतो या महिन्यापुरतं." त्यांनी टेबलावरच्या कॅसेटी पिशवीत भरल्या. दारात ते थांबले. "फकीरप्पा, घरी बसून काय कराल? सोमवारी मठात भजनाला येत जा. गायचं नाही हो, ठाऊक आहे मला. टाळ धरा नुसते. अज्जांना सांगून काहीतरी महिना लावून घेतो."

या महिन्यापुरतं म्हणजे काय ते तिघांनाही कळत होतं.

इतर दिवस असते तर फकीरेशने त्यांना जिना उतरायला लावला असता. तो म्हणाला, "येतो."

तेव्हापासून तो सोमवारी टाळ धरतो. पहिल्या रांगेत बसवतात त्याला. परगावचे भक्त येतात, आंधळा पाहतात आणि हमखास विचारतात, अप्पा गातात का? बसय्या सांगतात, नाही, ताल मात्र सोडत नाहीत. मग लोक कौतुकाने मान हलवतात. ती मान हललेली फकीरेशला दिसत नाही, पण कळते.

झेंडूची माळ कॉम्प्युटरवरच वाळली. ती काढायची दोघांनाही आठवण झाली नाही, निदान कुणी बोलून दाखवलं नाही. कस्तुरव्वाला शिवणकाम थोडं जास्त मिळू लागलं, ती दिवसभर मशीन चालवायची. आणि एक होतं, ती हल्ली नक्कल करीत नसे. भाकरी झाली की नुसतं "या" म्हणायची.

कार्तिक लागल्यावर एका दुपारी मशीनचा दोरा तुटला आणि त्या शांततेत तिला कीबोर्डची खडखड ऐकू आली. फकीरेश यंत्रापुढे बसला होता. त्याने एकच ओळ लिहिली होती आणि हात मांडीवर घेतले होते. ओळीच्या शेवटी जराशी मान कलती करून तो ऐकत होता.

कस्तुरव्वा उठली. स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसली, पदराने पडदा पुसला.

"वाचू?"



तिने बोट ठेवलं. "बा-ई," ती म्हणाली. मग थांबून, आवाज सरळ करून, आपला गावठी हेल टाकून, अगदी त्या दुसरीसारखं, "बाई, स्वल्पविराम. न-म... नमस्कार."

फकीरेशची मान तशीच कलती राहिली.

"पूर्णविराम," कस्तुरव्वा म्हणाली. आणि पुढची ओळ येईल म्हणून बोट तिथेच ठेवून बसून राहिली.