जाणता-अजाणता

"तेल लावून झालं ना? मग आता माझं काय काम?" मी म्हटलं आणि मासळीचं मडकं घासत राहिले.

राहेल मागच्या दारात उभी होती. माझी धाकटी जाऊ. माणसानं उभं राहावं तर नीट उभं राहावं, पण ही चौकटीला अशी टेकते की घरानंच तिला धरून ठेवावं. रविवारची संध्याकाळ होती. दुसऱ्या दिवसापासून मोठा उपास, म्हणजे ईस्टरपर्यंत घरात मासा नाही की मांस नाही. म्हणून मडकी राखेनं घासून माळ्यावर टाकायची होती. सुनेला सांगितलं की ती वरवर हात फिरवते आणि वास तसाच राहतो. तेव्हा ते मीच करते.

"चेडत्ती, ते बोलावतायत तुम्हाला," राहेल म्हणाली. थोरल्या जावेला, वहिनीला आमच्याकडे चेडत्ती म्हणतात, आणि ते म्हणजे तिचा अंथरुणाला खिळलेला नवरा. "सकाळपासून तुमचंच नाव घेतायत."

"अच्चन येऊन गेले?" मी विचारलं. अच्चन म्हणजे आमचे पाद्री.

"गेले. पापकबुली झाली, तेलाचा विधी झाला. जाताना म्हणाले, पुन्नूस, देवाशी तुझं सगळं मिटलं."

"देवाशी मिटलं. बरं झालं. देवाचं काय बिघडवलं होतं त्यानं?"

राहेलनं चौकटीला आणखी भार दिला. गप्प बसण्यात तिचा हात धरणारं आमच्या गावात कुणी नाही.

पुन्नूसनं बिघडवलं ते माझं. माझा नवरा चाक्को चर्चचा विश्वस्त होता, किल्ल्या त्याच्याकडे असायच्या. एका वर्षी सणाच्या तोंडावर मिरवणुकीचा सोन्याचा क्रूस नाहीसा झाला. सभा बसली. त्या सभेत त्याचा सख्खा धाकटा भाऊ पुन्नूस उठला आणि म्हणाला, रात्री मी चर्चच्या मागच्या खोलीत दिवा पाहिला, आत माझा दादा होता. आता त्या रात्री चाक्कोच्या मांडीला नारळाएवढं गळू झालं होतं आणि मी पहाटेपर्यंत पोटीस बांधत होते. माणूस परसाकडे जाऊ शकत नव्हता, तो चर्चमध्ये काय जातो? मी सभेत जाऊन हे सांगितलं. ते म्हणाले, बायको दुसरं काय सांगणार.

क्रूस कुणी नेला ते आजपर्यंत कळलं नाही. किल्ल्या पुन्नूसकडे गेल्या.

जुने अच्चन चाक्कोला म्हणाले, चोरी कबूल कर, प्रायश्चित्त घे, सगळं पूर्वीसारखं होईल. चाक्को म्हणाला, न केलेलं पाप कबूल केलं तर ते खोटं बोलण्याचं पाप होईल, त्याचं प्रायश्चित्त कुणाकडे घेऊ? तेव्हापासून तो चर्चची पायरी चढला नाही. मेला तेव्हा घंटा वाजली नाही. स्मशानात आमच्या घराण्याची दगडी कबर आहे, सासूसासरे तिथे आहेत. चाक्कोला मात्र कुंपणाजवळच्या कोपऱ्यात पुरलं. दारुडे, जीव दिलेले, चर्चनं टाकलेले, अशांचा तो कोपरा. तिथे धूप नाही, प्रार्थना नाही, घाणेरीची झुडपं मात्र भरपूर.

पुन्नूसनं चार माणसांसमोर एवढंच म्हणायचं होतं की मी दिवा पाहिला नाही. मग चाक्कोची हाडं त्याच्या आईशेजारी नेता आली असती. मला दुसरं काही नको होतं. पण एवढी वर्षं ज्याला त्याला मलाच सांगायचं असतं, शोशाम्मा, माफ कर, मन मोठं कर. अरे, माफ करायला मी बसलेच आहे. पण काय माफ करायचं ते समोर ठेवाल की नाही?

मी हात धुतले आणि गेले.

पुन्नूस खाटेवर होता. नाक वर आलं होतं, गाल आत गेले होते. मला बघून उठायला लागला, राहेलनं उशी सरकवली. मी खुर्ची घेतली नाही.

त्यानं हात जोडले. "चेडत्ती, जाणता-अजाणता माझ्याकडून काही चुकलं असेल तर क्षमा करा."

हे वाक्य आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. उपासाच्या पहिल्या सोमवारी चर्चमध्ये सगळ्यांनी सगळ्यांची क्षमा मागायची असते, तेव्हा म्हणायचं हे. माझा पळा नेऊन परत न देणारी शेजारीणही मला दरवर्षी हेच म्हणते आणि पळा तिच्याकडेच राहतो.

"काय चुकलं?" मी विचारलं.

"आता काय सांगू. माणूस आहे, चुकतो."

"त्याचं नाव घे. मी तुझ्यासमोर उभी आहे. जाणता ते सांग, अजाणता राहू दे."

तो राहेलकडे बघायला लागला. "अच्चनना सांगितलंय मी सगळं."

"अच्चनच्या नवऱ्याला कोपऱ्यात पुरलंय का?"

"चेडत्ती, आता किल्ल्या माझ्या पोराकडे आहेत. जॉयीला लोकांत वावरायचंय. बापाचं हे असलं बाहेर आलं तर पोरानं तोंड कुठे दाखवायचं? देवाला कळलंय ना. बास झालं."

"देवाला तर तेव्हाही माहीत होतं," मी म्हटलं. "सभेला माहीत नव्हतं."

त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. राहेल माझ्यासाठी काळी कॉफी घेऊन आली होती, गूळ घातलेली. मी ती तशीच ठेवून घरी आले आणि उरलेलं मडकं इतकं घासलं की त्याला चीर गेली.

सोमवारी मी प्रार्थनेच्या बऱ्याच आधी चर्चमध्ये गेले. अच्चन आवारात चपला काढत होते. कोवळा माणूस, दाढी अजून नीट भरलेली नाही. माझ्या मुलापेक्षा लहान, पण अच्चन म्हटल्यावर तुम्ही म्हणावंच लागतं.

"अच्चन, पुन्नूसनं तुम्हाला जे सांगितलं ते सभेला सांगा."

ते चपला हातातच धरून उभे राहिले. "अम्माची, पापकबुलीत ऐकलेलं मी माझ्या जन्मदात्या आईलाही सांगू शकत नाही. मेलो तरी."

"म्हणजे काहीतरी ऐकलंय."

"मी तसं म्हणालो नाही."

"तोंडानं नाही म्हणालात."

त्यांचे कान लाल झाले. मला त्यांची कीवही आली आणि रागही आला. एवढी वर्षं खरं काय ते एकट्या पुन्नूसच्या पोटात होतं. आता ते अच्चनच्याही पोटात गेलं, आणि त्या पोटाला देवानं स्वतः कुलूप लावलेलं. पुन्नूसला वाटलं असणार की आपण मोकळे झालो. झालाच तो मोकळा. दार लावून घेऊन मोकळा झाला.

"प्रभूनं काय सांगितलंय?" मी विचारलं. "वेदीपाशी दान घेऊन आलास आणि तुझ्यावर भावाचा राग आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी भावाकडे जा. आधी. हा गडी थेट वेदीपाशी गेला आणि तुम्ही त्याला घेतलंत."

"मी त्यांना जे सांगायचं ते सांगितलंय, अम्माची," ते हळूच म्हणाले. "याहून जास्त मला विचारू नका. आणि रागावू नका, पण तुम्हीही आज राग मनात ठेवून वेदीपाशीच आलाय."

मी त्यांच्या आधी पायऱ्या चढून आत गेले. उत्तर नसलं की मला अजून राग येतो.

प्रार्थना सुरू झाली. गुडघे टेकायचे, कपाळ जमिनीला लावायचं, उठायचं, पुन्हा टेकायचे. माझे गुडघे वाजत होते, तरी मी भिंतीला धरलं नाही. मग अच्चन आमच्याकडे तोंड करून जमिनीवर पडले, आमची क्षमा मागितली. मग शांती द्यायची वेळ आली. ती वेदीपासून निघते. एकानं जोडलेले हात पुढे करायचे, दुसऱ्यानं ते आपल्या दोन्ही हातांत घ्यायचे आणि पुढच्याकडे वळायचं. अशी ती हातातून हातात ओळीच्या शेवटापर्यंत जाते. पुरुषांची शांती पुरुषांत, बायकांची बायकांत. म्हणजे पुन्नूस ठणठणीत असता तरी त्याचे हात माझ्यापर्यंत कधी आले नसते. त्यानं सांगितलेलं खोटं मात्र पुरुषांच्या बाजूनं निघून नीट माझ्या घरात आलं होतं.

माझ्या डाव्या बाजूला राहेल होती. उजवीकडे म्हातारी मरियक्कुट्टी.

राहेल वळली. मी तिचे हात हातात घेतले. जाणता-अजाणता म्हणायचं सोडून ती माझ्याकडे बघत राहिली.

"म्हण की," मी पुटपुटले. "माणसं खोळंबलीत."

"त्या रात्री हे घरातच होते," राहेल म्हणाली. "जेवून झोपले ते उजाडेपर्यंत. मी शेजारी जागी होते, जॉयीला ताप होता. दिवा कुणी बघितलाच नाही. मला तेव्हापासून माहीत आहे, चेडत्ती."

मी मनात सगळी तयारी पुन्नूससाठी करून ठेवली होती. काय बोलायचं, कसं बघायचं, कुठे थांबायचं. आणि माफी मागायला ही उभी. हिचं बाळंतपण मी केलं. कप्प्याचे कंद उकडले की पहिलं ताट हिच्या घरी. चाक्को मेला तेव्हा माझ्या गळ्यात पडून सगळ्यांत जास्त रडली ती हीच, आणि रडताना हिला सगळं माहीत होतं.

"मोठ्यानं बोल," मी म्हटलं.

"चेडत्ती—"

"मला एकटीला सांगून काय करू? मला माहीतच होतं. मोठ्यानं बोल."

राहेलचा आवाज आम्ही कुणी कधी ऐकला नव्हता. तो असा निघाला की पुरुषांच्या बाजूचं गाणं मध्येच तुटलं. "माझ्या नवऱ्यानं दिवा पाहिला नव्हता. चाक्को दादांनी चोरी केली नाही. आम्ही दोघं खोटं जगलो."

अच्चननी डोळे मिटून घेतले. जॉयी पहिल्या ओळीत होता, तो स्वतःच्या पायांकडे बघायला लागला. सगळं चर्च माझ्याकडे बघत होतं, कारण शांती माझ्या हातात अडकली होती. माझे हात राहेलच्या हातांवर मिटलेलेच. ते उघडेनात. खरंच उघडेनात, मी नाटक करत नव्हते.

मरियक्कुट्टी हात पुढे करून थांबली होती. तिचे हात आधीच कापतात, त्यात इतका वेळ हवेत.

"शोशाम्मा," ती म्हणाली, "देणार असशील तर दे गं. माझे खांदे दुखायला लागले."

मी वळले आणि तिला शांती दिली. ती पुढे गेली.

मला वाटलं, झालं. पण कुठलं व्हायला. त्याच संध्याकाळी सभा बसली. राहेलनं पुन्हा सगळं सांगितलं. जॉयी उठला आणि म्हणाला, आईचं वय झालंय, घरात आजारपण आहे, तिच्या मनावर ताण आहे. अप्पांनी स्वतः सांगितलं तर गोष्ट वेगळी. बाकीच्यांनी माना डोलावल्या. घरी येताना राहेल म्हणाली, "चेडत्ती, मी उशीर केला." मी म्हटलं, "केलास." त्याहून गोड काही माझ्या तोंडातून निघालं नाही.

पुन्नूस स्वतः काही बोलला नाही. बुधवारी त्याची शुद्ध गेली आणि शुक्रवारी तो गेला.

घंटा वाजली. घराण्याची दगडी कबर उघडली, सासूशेजारची जागा त्याला मिळाली. झाकण घालण्यापूर्वी घरच्यांनी शेवटचा मुका घ्यायचा असतो, आणि घरात वडीलधारी मीच. त्याच्या तोंडावर रुमाल टाकून मी वाकले आणि मुका घेतला. माफ केलं का ते मला विचारू नका. राहेल बघत होती, तिच्यासाठी वाकले.

लोक पांगायला लागले. अच्चन धूपदाणी हातात घेऊन तिथेच घुटमळत होते. मी कुणालाच काही न बोलता कुंपणाकडे निघाले. मागे धूपदाणीच्या साखळीचे घुंगरू वाजले. थोडं अंतर ठेवून ते माझ्या मागून येत होते. मी वळून पाहिलं नाही.

कोपऱ्याच्या अलीकडे शेवटची बांधलेली कबर आहे. तिथे घुंगरू थांबले. सभेनं ठरवल्याशिवाय त्यांना पुढे पाऊल टाकता येत नाही, हे मलाही ठाऊक होतं. मी चाक्कोच्या जागेपाशी उभी राहिले, झुडपं कमरेपर्यंत वाढलेली. मग घुंगरू पुन्हा वाजले, जागच्या जागी. ते तिथूनच, एक शब्द न बोलता, धूप हलवत होते. वारा नदीकडून होता. धूर खालून सरपटत आला आणि माझ्या कपड्यांत अडायला लागला, चाक्कोपर्यंत पोचेना.

मी दोन पावलं बाजूला झाले.