मखमलीखालची हरिणी

मी एक जुना कोच आहे, मित्रांनो. दोघांनी ऐसपैस आणि तिघांनी अंग चोरून बसावे एवढा. फुलसावंगीत मुजफ्फरच्या बैठकीत खिडकीखाली मी पडून असतो. अंगावर मरून मखमल आहे, तिलाही आता जागोजागी टक्कल पडले आहे. पाहुणे नाक मुरडतात. मुरडेनात का. मी मुळात मखमलीचा नाहीच, हे त्यांना कुठे ठाऊक आहे?

माझा सांगाडा सागवानाचा. पुसदच्या एका कापूस व्यापाऱ्याने तो करवून घेतला आणि वर चढवायला मुंबईहून विलायती कापड आणले. कापड म्हटले की तुम्हाला छापील बेडशीट आठवेल. छे, तसले नव्हे. त्यावरचे चित्र छापलेले नव्हते, विणलेले होते. लोकरीचा एकेक रंगीत धागा आडवा घालून कोणीतरी माझ्या बैठकीवर निळे तळे विणले होते, आणि पाठीवर झाडी व मान वळवून मागे बघणारी एक हरिणी. दुरून बघितले तर चित्र, हात फिरवला तर ऊब. घरी येणारा माणूस आधी मला हात लावायचा आणि मग बसायचा. तेव्हा माझा तोरा काय विचारता.

पण व्यापाऱ्याच्या नातवांना गुळगुळीत रेक्झिन हवेसे झाले. त्यांनी मला बाजारात मन्सूरच्या दुकानात आणून टाकले. मन्सूर सोफ्या-खुर्च्यांना कापड चढवणारा कारागीर. "जुने फाडा, नवे लावा," असे सांगून मंडळी गेली ती गेलीच. माझ्यावर काथ्याचे गठ्ठे पडले, धूळ साचली, लोकरीला कसर लागली. मला फार वाईट वाटायचे. कोणाला सांगणार?

मन्सूरची बायको गुलनार त्याचा डबा घेऊन यायची. एकदा तिने गठ्ठे बाजूला केले आणि ती बघतच राहिली. "हे कायले फाडता? मले द्या. मी करीन रफू," ती म्हणाली. घरात ही माणसे हिंदी-उर्दू बोलतात, मित्रांनो, पण मी पुसदचा, त्यांचे बोलणे मला वऱ्हाडीतच सांगता येते. तेव्हा तुम्हीही तसेच ऐका.

तिने मला घरी नेले. लेकीचे, गझालाचे, आखूड झालेले स्वेटर उसवले आणि त्या लोकरीने हरिणीच्या मानेवरचे भोक भरले. रंग काही जुळला नाही. मान बदामी, तर रफू चॉकलेटी. गुलनार हळहळली, पण गझालाला तोच पट्टा आवडायचा. त्यावर बोट ठेवून ती दुपारची झोपायची. नमाजाच्या वेळी समोर प्राण्याचे चित्र नको, म्हणून गुलनार माझ्यावर चादर ओढायची आणि नमाज झाली की काढायची. रोजचेच होते ते. मन्सूर बघत असायचा.

मग गुलनार आजारी पडली आणि गेली. माझ्यावर हात फिरवणारे कोणी उरले नाही.

काही वर्षांनी गझालाचे लग्न फुलसावंगीच्या मुजफ्फरशी ठरले. तिने बापाजवळ एकच वस्तू मागितली. "मले हाच कोच द्या, अब्बा. अम्मीचा हात आहे त्याच्यावर."

मन्सूर विचारात पडला. "बेटा, सासरचे म्हणतील, बापानं दुकानातलं कबाड देल्लं. जन्मभर आयकत बसशीन."

पाठवणीच्या दिवशी सकाळीच त्याने मला पुन्हा दुकानात नेले. बैठकीवरचे कापड पार कुजले होते, ते त्याने काढून टाकले. मग पाठीकडे वळला. जुने कापड काढल्याशिवाय नवे चढवायचे नाही, असे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. त्या दिवशी हरिणीच्या मानेपाशी त्याचा हात थांबला. त्याने तिच्यावर पातळ सुती कापड पसरले, त्यावर मखमल ताणली आणि बारीक खिळे फक्त लाकडाच्या कडेला ठोकले. एकही खिळा चित्रातून जाऊ दिला नाही. गुलनार चादर ओढायची तसेच त्याने हे केले. फक्त ही चादर पक्की होती.

तेवढ्यात गझाला आली. जमिनीवर निळ्या तळ्याच्या चिंध्या, कोचावर झगझगीत मखमल. तिचा चेहराच उतरला. "अब्बा, अम्मीचा हात फाडून टाकला तुमी."

मन्सूरने दोरी उचलली. दाराशी मुजफ्फरचा काका टेम्पो घेऊन उभा होता. त्याच्यासमोर कसे सांगणार, की खाली जुनेच आहे म्हणून? मला बांधताना मन्सूर पुटपुटला, "पोरीले जराशीक रुळू दे तिकडं. मंग सांगतो."

गझालाने जाताना बापाकडे पाहिले नाही. पुढे ईदला ती माहेरी जायची, पण परत आल्यावर कधी बापाचे नावही काढायची नाही. मन्सूर आज सांगू, उद्या सांगू करत राहिला. आणि मग त्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणे गेले. तोंडातून नुसता आवाज निघतो, आणि डाव्या हाताला अक्षर वळत नाही.

आता तो इथेच असतो, लेकीच्या घरी. ती त्याला भरवते, पुसते, कपडे बदलते. काही कमी करत नाही, पण दोन शब्द जास्तीचे बोलत नाही. तो दिवसभर माझ्यावर बसतो आणि डाव्या हाताने माझ्या पाठीवर थापटतो, नेमका हरिणीच्या मानेवर. गझालाला वाटते, हात कापतो आहे. "काहून आपटून राह्यले, अब्बा? दुखते का?" म्हणते आणि त्या हाताला तेल लावते. मला तेव्हा ओरडावेसे वाटते. कोचाला तोंड कोणी द्यावे?

येत्या शुक्रवारी नवा सोफा येणार आहे. मुजफ्फरने भंगारवाल्याला सांगून ठेवले आहे. माझे लाकूड फुटेल, कापड जळेल. माझे एक असो, माझे आयुष्य झाले. पण मन्सूरने हे ऐकले तेव्हापासून तो थापटायचा थांबला आहे. आता तो मखमलीच्या कडेचा खिळा नखाने उकरतो. निघत नाही. ठोकताना त्याने काही कसर ठेवली नव्हती. काल नखातून रक्त आले तेव्हा गझालाने त्याचा हात धरून मांडीवर ठेवला. "नका करू अब्बा, बोट सोलून राह्यलं," ती म्हणाली, आणि तो लहान मुलासारखा रडला.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू टाकण्याआधी तिला एकदा उलटून-पालटून बघत जा. आणि तुमच्यापैकी कोणी फुलसावंगीकडचे असाल, तर शुक्रवारच्या आत मुजफ्फरच्या घरी या. चहा-पाण्याला थांबू नका. गझालाला एवढेच सांगा, की बाई, बापाचा हात धरू नको. खिळे उचकटायला त्याच्या हातात पेचकस दे.