भिंतीकडे तोंड करून

कापड गिरणीच्या मागखात्यात तिला सगळे मावशी म्हणत. यंत्रमाग सुरू झाले की कानाशी ओरडलेलंही कळत नसे, म्हणून तिथल्या बायका एकमेकींच्या ओठांवरून बोलणं वाचत. सासूची गाऱ्हाणी, साहेबांच्या नकला, सगळं बिनआवाजी चाले.

यंदा कंपनीला कामगारांच्या तब्येतीचा कळवळा आला होता. आधी नवं भोजनगृह झालं, मग कानांची तपासणी. ज्याचे कान अधू, त्याला कानात घालायचं यंत्र फुकट.

शेजारच्या मागावरची बाई, जिला तिखट जिभेमुळे सगळ्या मिरची म्हणत, ओठांनीच म्हणाली, "आज यंत्र देतील, उद्या मागावरून उठवून कापडाच्या घड्या घालायला बसवतील. जपून गं बाई."

मावशीचा जीव मागात. तपासणीला नर्सबाई समोर बसून हळू आवाजात शब्द बोलल्या, मावशीने ओठ पाहून ते धडाधड म्हणून दाखवले. इतरांनीही तेच केलं. सगळ्या खात्याचे कान खणखणीत निघाले. यंत्रांचे पैसे वाचले, आता कंपनीच्या दारात कारंजं होणार, अशी बातमी आली. देवापुढे हात जोडताना मावशीला वाटलं, मी बोलले ते शब्द खरे होते, पण मी ऐकले कुठे?

लेकीचं बाळंतपण मावशीकडेच झालं होतं. सोमवारपासून लेक कामावर रुजू व्हायची होती. तिची दिवसपाळी, मावशीची रात्रपाळी, दिवसा बाळ आजीपाशी, असं ठरलेलं. त्या रविवारी लेक दुकानात गेली आणि मावशी पाळण्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसली. बऱ्याच वेळाने कुणीतरी खांद्याला हात लावला. लेक होती. कडेवरचं बाळ रडून रडून लालबुंद झालं होतं.

"आई, जिन्यापर्यंत आवाज येत होता गं."

मावशीने ते तिच्या ओठांवर वाचलं. लेक रागावली नाही. बाळाला थोपटत एवढंच म्हणाली, "राहू दे. मी कामावर सांगते, इतक्यात येत नाही म्हणून. ठेवतील जागा, नाहीतर राहिलं."

दुसऱ्या दिवशी मावशी पाळीच्या आधीच नर्सबाईंच्या दारात.

"माझे कान परत तपासा."

"तुमचे तर उत्तम आहेत, मावशी."

खुर्ची फिरवून मावशी, "आता बोला," म्हणत भिंतीकडे तोंड करून बसली. भिंतीवरचा चुना पाहत राहिली. बराच वेळ गेला. शेवटी मान वळवून तिने विचारलं, "बोललात का काही?"

नर्सबाईंचा चेहरा उतरला होता. "तीनदा बोलले."

"मग यंत्र मिळेल ना? आणि माग?"

"यंत्र मिळेल. मागाचं मी साहेबांशी बोलेन, पण शब्द देत नाही."

"खोटा शब्द देण्यापेक्षा बरं," मावशी म्हणाली.

बाहेर मिरची उभीच होती. "सांगितलंस ना सगळं? आता बस घड्या घालत."

"बसेन. नातवाचं रडणं तर ऐकू येईल." मावशीने दार उघडं धरलं. "तुझीही पोर बाळंतपणाला यायचीय ना पुढच्या महिन्यात?"

मिरचीने पदर खोचला. आत गेली, आणि दार लोटण्याआधी मावशीला ती खुर्ची ओढून भिंतीकडे फिरवताना दिसली.